मान्यतेची पाटी आणि सामायिक शहाणपण

शहरांतील एखाद्या रुग्णालयांत पाऊल टाकलें म्हणजे नोंदणीच्या खिडकीजवळ, बहुधा गणपतीच्या तसबिरीशेजारींच, एक चकचकीत पाटी टांगलेली दृष्टीस पडते. अमुक मंडळानें ह्या संस्थेच्या गुणवत्तेस अमुक मुदतीपर्यंत मान्यता दिली आहे, असा मजकूर तिच्यावर असतो. रुग्णाला घेऊन घाईघाईनें आलेल्या माणसांस ती वाचण्याची फुरसत नसते. आणि रुग्ण बरा होऊन घरीं निघाला म्हणजे बिलाच्या आंकड्यांपुढें तिची आठवण कोणास होत नाहीं. तथापि घरांतील एखादें माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर किंवा प्रसूतीच्या खोलींत असतांना त्या पाटीचा अर्थ काय, हा प्रश्न जिवाशीं येऊन भिडतो. ती खरी कशानें होते आणि नुसती शोभेची कशानें राहते, एवढ्याच प्रश्नाचा विचार ह्या भाषणांत करावयाचा आहे.

प्रथम दोन गोष्टींतला भेद ध्यानांत घ्यावयास हवा. रुग्णालय चालविण्यासाठीं सरकारदरबारीं नोंदणी करावी लागते. मुंबई प्रांतांत १९४९ सालीं झालेला शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा पुढें महाराष्ट्रांत चालू राहिला, तो ह्याचसाठीं. ही नोंदणी सक्तीची आहे. तिच्यावांचून दार उघडतां येत नाहीं. गुणवत्तेची मान्यता ही वस्तु वेगळी. ती संस्थेनें आपण होऊन मागावयाची असते. भारतीय गुणवत्ता परिषद १९९७ सालीं स्थापन झाली, आणि तिच्या ज्या मंडळाकडे रुग्णालयांच्या मान्यतेचें काम आहे त्यास संक्षेपानें एनएबीएच असें म्हणतात. मंडळ आपले निकष प्रसिद्ध करतें. रुग्णालय त्या निकषांवर आधीं स्वतःची तपासणी करतें. मग बाहेरचे परीक्षक येऊन कागद पाहतात, खोल्या पाहतात, परिचारिकांशीं बोलतात आणि रुग्णांनाही विचारतात. औषधें कोठें व कशीं ठेवलीं आहेत, एका रुग्णाचा संसर्ग दुसऱ्यास होऊं नये म्हणून काय केलें जातें, रुग्णाची संमति त्याला समजेल अशा भाषेंत घेतली आहे कीं नाहीं, आग लागली तर रुग्णांस कोणत्या वाटेनें बाहेर काढावयाचें, असे त्यांचे प्रश्न असतात. त्यांत अलौकिक असें कांहींच नाहीं. नीटनेटक्या संसारांत जी दक्षता असते, तीच येथें जिवाच्या मोलाची होते.

ह्या वाटेवर अडखळतें तें बहुधा लहान रुग्णालय. महाराष्ट्रांतील कोणत्याही तालुक्याच्या गांवीं किंवा शहराच्या जुन्या पेठेंत तें दिसतें: पति-पत्नी दोघेंही डॉक्टर, खालीं पंधरा-वीस खाटा आणि वर राहतें घर. रात्रीं दोन वाजतां आलेली बाळंतीण, सकाळची बाह्यरुग्णांची रांग, ऐन वेळीं रजेवर गेलेली परिचारिका, ह्या सर्वांतून सवड काढून निकषांचें जाडजूड पुस्तक वाचावयाचें, प्रत्येक कलमासाठीं लेखी रीत ठरवावयाची, ती नोकरवर्गास शिकवावयाची आणि ती पाळली जाते ह्याची नोंद ठेवावयाची, हें काम त्या दोघांस डोंगराएवढें वाटलें तर नवल नाहीं. अशा वेळीं दोन मार्ग समोर येतात. ज्या रुग्णालयास मान्यता मिळाली आहे त्याची नियमपुस्तिका मिळवावी, वरचें नांव बदलावें आणि ती कपाटांत ठेवून द्यावी, हा एक मार्ग. त्या रुग्णालयांत जाऊन काम प्रत्यक्ष कसें चालतें तें पाहावें, त्यांतलें घेण्यासारखें घ्यावें, आणि आपल्या जागेस व माणसांस शोभेल असें तें बेतून घ्यावें, हा दुसरा. उसनवारी दोहोंतही आहे, आणि उसनवारींत कमीपणा मुळींच नाहीं. प्रश्न इतकाच कीं, उसना कागद आणावयाचा कीं उसनी रीत? ह्या प्रश्नाचें उत्तर रुग्णालयांच्या मान्यतेच्या इतिहासांत सांपडतें.

हा इतिहास अमेरिकेंत सुरू होतो. विसाव्या शतकाच्या आरंभीं बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्यें अर्नेस्ट कॉडमन नांवाचे शस्त्रवैद्य होते. त्यांचें म्हणणें साधें होतें. ज्या रुग्णावर शस्त्रक्रिया केली त्याचें पुढें काय झालें, हें रुग्णालयानें पुढें चौकशी करून जाणून घ्यावें, तें एका कार्डावर लिहावें, आणि गुण आला नसेल तर कां आला नाहीं हें शोधून काढावें. सहकाऱ्यांस हें रुचलें नाहीं. कॉडमन ह्यांनीं १९१४ सालीं त्या रुग्णालयाचा राजीनामा दिला. तत्पूर्वींच, १९११ सालीं, त्यांनीं स्वतःचें एक लहान रुग्णालय काढलें होतें. १९११ ते १९१६ ह्या काळांत तेथून ३३७ रुग्ण घरीं गेले, आणि त्यांच्या बाबतींत झालेल्या १२३ चुका कॉडमन ह्यांनीं स्वतः नोंदून छापून प्रसिद्ध केल्या. आपली चूक स्वतःच्या हातानें जगापुढें मांडणारा वैद्य त्या काळीं विरळा होता, आणि पुढेंही तो फारसा सुलभ झाला असें नाहीं.

अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स ही शस्त्रवैद्यांची संस्था १९१३ सालीं निघाली. रुग्णालयांचें काम एका मापानें मोजण्यासाठीं तिनें जी समिति नेमली तिचे कॉडमन हे कांहीं काळ अध्यक्ष होते. १९१७ सालीं ह्या संस्थेनें रुग्णालयांसाठीं किमान निकष ठरविले. ते एका पानावर मावत होते. पांचच कलमें होतीं. रुग्णालयांत काम करणाऱ्या वैद्यांचा नियमबद्ध संघ असावा. ते वैद्य रीतसर शिकलेले व सचोटीचे असावेत, आणि रुग्ण पाठविल्याबद्दल फीची वांटणी, म्हणजे ज्याला व्यवसायांतले लोक ‘कट’ म्हणतात ती, त्यांच्यांत असूं नये. वैद्यांनीं निदान महिन्यांतून एकदां जमून झालेल्या कामाचा आढावा घ्यावा. प्रत्येक रुग्णाची नोंद अचूक व पूर्ण असावी. आणि प्रयोगशाळा व क्ष-किरण ह्यांसारखीं निदानाचीं साधनें रुग्णालयांत असावींत.

हीं पांच कलमें हातांत घेऊन पाहणी सुरू झाली तेव्हां शंभर किंवा त्याहून अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांपैकीं अवघीं ८९ त्यांस उतरलीं. नापास झालेल्यांत देशांतील कांहीं नामांकित संस्थाही होत्या. १९१९ सालीं न्यूयॉर्क येथें संस्थेची सभा भरली असतांना ही यादी वर्तमानपत्रांच्या हातीं पडूं नये म्हणून ती वाल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया ह्या हॉटेलाच्या भट्टींत जाळून टाकण्यांत आली. ही हकीगत पुष्कळदां विनोदानें सांगितली जाते. पण तिच्यांतला बोध गंभीर आहे. नांवांची यादी जळली, निकषांचें पान मात्र जळलें नाहीं. तें सर्वांसाठीं खुलें राहिलें. पुढल्या तीस वर्षांत एकामागून एक रुग्णालयांनीं तें पान घेतलें, नोंदी सुधारल्या, मासिक बैठका सुरू केल्या. आणि १९५० पर्यंत मान्यता मिळालेल्या रुग्णालयांची संख्या ३,२०० च्या वर गेली. १९५१ सालीं हें काम अनेक वैद्यकीय संस्थांनीं मिळून स्थापन केलेल्या संयुक्त आयोगाकडे सोंपविण्यांत आलें. ह्या वाढीच्या मुळाशीं तें सर्वांच्या मालकीचें एक पान होतें.

परंतु निकष सामायिक असणें ही पहिली पायरी. दुसरी पायरी एकमेकांचें काम पाहण्याची. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यांत मेन, न्यू हॅम्पशायर व व्हरमाँट हीं तीन लहान संस्थानें आहेत. तेथें हृदयाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या पांच रुग्णालयांनीं १९८७ सालीं एक अभ्यासमंडळ काढलें. हिशेब करतां असें दिसून आलें कीं, रुग्णांच्या आजाराचें गांभीर्य जमेस धरूनही एका रुग्णालयांतील मृत्यूंचें प्रमाण दुसऱ्याहून वेगळें पडतें. येथें एकमेकांवर दोषारोप करण्याची उत्तम संधि होती. मंडळानें ती साधली नाहीं. १९९० व १९९१ ह्या वर्षांत त्यांनीं तीन गोष्टी केल्या. प्रत्येकास त्याचे आंकडे नियमितपणें दाखविले. काम सुधारण्याच्या पद्धति सर्वांस शिकविल्या. आणि एका रुग्णालयाची मंडळी पाळीपाळीनें दुसऱ्याच्या शस्त्रक्रियागृहांत जाऊन नुसती पाहत उभी राहिली. शस्त्रवैद्यांबरोबर भूल देणारे, परिचारिका व हृदय-फुप्फुस यंत्र चालविणारेही गेले. प्रत्येकाची समजूत अशी होती कीं, आपण करतों तें सर्वत्रच तसें होत असावें. ती समजूत दारांतच गळून पडली. १९९६ सालीं जो अहवाल प्रसिद्ध झाला त्याप्रमाणें, पूर्वींच्या अनुभवावरून जितके मृत्यु अपेक्षित होते त्यांहून प्रत्यक्षांत कमी झाले. ७४ माणसें वांचलीं. ह्याचें सारें श्रेय त्या भेटींसच देतां येणार नाहीं, कारण तीन उपाय एकाच वेळीं चालू होते. पण स्पर्धा करणाऱ्या संस्थांनीं एकमेकांस दार उघडून दिलें आणि कोणाचेंही नुकसान झालें नाहीं, एवढें त्यावरून निःसंशय ठरतें.

रीत आणि कागद ह्यांतील अंतर याहूनही स्पष्ट दिसतें तें एका यादीच्या कथेंत. जागतिक आरोग्य संघटनेनें २००८ सालीं सुरक्षित शस्त्रक्रियेसाठीं पडताळ्याची एक यादी काढली. तिच्यांत १९ बाबी आहेत, आणि त्या तीन वेळां थांबून मोठ्यानें वाचावयाच्या आहेत: भूल देण्यापूर्वीं, त्वचेवर छेद घेण्यापूर्वीं आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहांतून बाहेर नेण्यापूर्वीं. हा रुग्ण कोण, शस्त्रक्रिया कोणती, ती डाव्या बाजूस कीं उजव्या, कोणत्या औषधाची त्यास बाधा होते, जंतुनाशक औषध छेदापूर्वींच्या तासाभरांत दिलें कीं नाहीं, शेवटीं बोळे व हत्यारें मोजून पुरीं भरलीं कीं नाहीं, असे ते प्रश्न आहेत. एक बाब तर अशी कीं, टेबलाभोंवतीं उभ्या असलेल्या प्रत्येकानें आपलें नांव व काम सांगावें. वरवर पाहतां हा उपचार पोरकट वाटेल. परंतु ज्याचें नांव सर्वांनीं एकदां ऐकलें आहे, त्याला पुढें कांहीं चुकतांना दिसलें तर तो बोलावयास कचरत नाहीं. कनिष्ठ परिचारिकेचें तोंड उघडण्याची ही युक्ति आहे.

ही यादी टोरांटो, नवी दिल्ली, अम्मान, ऑकलंड, मनिला, टांझानियांतील इफाकारा, लंडन व सिअ‍ॅटल अशा आठ ठिकाणच्या रुग्णालयांत वापरून पाहण्यांत आली. २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यादी येण्यापूर्वीं ३,७३३ रुग्णांत मृत्यूंचें प्रमाण शेंकडा १.५ होतें, तें नंतरच्या ३,९५५ रुग्णांत शेंकडा ०.८ वर आलें. गुंतागुंतींचें प्रमाण शेंकडा ११ वरून ७ वर उतरलें. श्रीमंत देशांतील रुग्णालयांत आणि गरीब देशांतील रुग्णालयांतही फरक पडला. एका कागदाचा एवढा प्रताप पाहून जगभर ती यादी भिंतींवर लागली.

आणि येथेंच कथेला वळण लागतें. कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतानें २०१० सालीं ही यादी वापरणें रुग्णालयांस भाग पाडलें. १०१ रुग्णालयांतील दोन लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. यादी येण्यापूर्वीं मृत्यूंचें प्रमाण शेंकडा ०.७१ होतें, नंतर ०.६५, म्हणजे लक्षांत घ्यावा असा फरक पडला नाहीं. रुग्णालयांनीं यादी वापरल्याचें कळविलें होतें. पण यादींतील खुणा भरणें निराळें आणि तीन वेळां खरोखर थांबून परस्परांस विचारणें निराळें, असें ह्या निष्कर्षाचें एक स्पष्टीकरण पुष्कळ जाणकारांनीं दिलें. वरून हुकूम आला, तयारीस अवधि थोडा मिळाला, आणि यादी काम करणाऱ्यांची झाली नाहीं.

भारतांतील अनुभव अधिक बोलका आहे. उत्तर प्रदेशांतील १२० सरकारी प्रसूतिकेंद्रांत सुरक्षित प्रसूतीसाठीं तयार केलेल्या अशाच एका यादीचा प्रयोग झाला. दीड लाखांहून अधिक माता त्यांत आल्या. निम्म्या केंद्रांत यादीबरोबर शिकविणारी अनुभवी माणसेंही पाठविलीं; तीं आठ महिने, आधीं वरचेवर व मग विरळ, येत राहिलीं. दोन महिन्यांनीं पाहतां त्या केंद्रांत आवश्यक कृतींपैकीं शेंकडा ७३ पार पडत होत्या; इतर केंद्रांत ४२. शिकविणारे येण्याचे थांबल्यावर, वर्षाच्या शेवटीं, हें प्रमाण ६२ वर घसरलें. आणि माता व नवजात बालकें ह्यांच्या मृत्यूंत व गंभीर आजारांत दोन्ही गटांमध्यें म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. २०१७ सालीं हे निष्कर्ष जसेच्या तसे प्रसिद्ध करण्यांत आले, ही गोष्ट प्रयोग करणाऱ्यांस भूषणावह आहे. त्यांतून दोन धडे मिळाले. रीत शिकविणारें माणूस शेजारीं असलें म्हणजे ती अंगीं लागते, आणि तें गेलें म्हणजे ती ओसरूं लागते. शिवाय कांहीं कृति सुधारल्या तरी औषध, कुशल हात व वेळेवर पुढच्या रुग्णालयांत पोंचण्याची सोय ह्या सर्वांची जोड नसेल तर जीव वांचत नाहीं.

आतां पंधरा-वीस खाटांच्या त्या रुग्णालयाकडे परत यावें. त्याला सारें कांहीं एकट्यानें उभें करावें लागत नाहीं, हें त्यानें प्रथम ओळखलें पाहिजे. रुग्णालयांतील दूषित कचऱ्याचेंच घ्या. २०१६ सालच्या नियमांप्रमाणें ७५ किलोमीटरांच्या आंत सामायिक प्रक्रिया-केंद्र उपलब्ध असेल तर रुग्णालयानें स्वतःची भट्टी उभारावयाचीच नाहीं. कचरा पिवळ्या, तांबड्या, पांढऱ्या व निळ्या पात्रांत जेथल्या तेथें वेगळा करून तो ठरल्या वेळीं त्या केंद्राच्या गाडींत द्यावयाचा. भट्टी सामायिक आहे; सुई नेमक्या पात्रांत टाकण्याची संवय मात्र प्रत्येक परिचारिकेची स्वतःची असावी लागते.

हात स्वच्छ ठेवण्याची गोष्टही तशीच. जिनीव्हा येथील विद्यापीठाच्या रुग्णालयानें नळापर्यंत जाण्याची वाट न पाहतां खाटेपाशींच अल्कोहोलयुक्त द्रव ठेवावयास आरंभ केला, आणि त्याला शिकवणुकीची व आंकडे दाखविण्याची जोड दिली. १९९४ सालीं हात स्वच्छ करण्याच्या प्रसंगांपैकीं शेंकडा ४८ प्रसंगीं तें केलें जात होतें, तें १९९७ पर्यंत ६६ वर गेलें. आणि रुग्णालयांत जडणाऱ्या संसर्गाचें प्रमाण १९९८ पर्यंत शेंकडा १६.९ वरून ९.९ वर उतरलें. ह्या प्रकारच्या द्रवाची कृति जागतिक आरोग्य संघटनेनें सर्वांसाठीं खुली करून ठेवली आहे. शेंकडा ८० भाग इथेनॉल, थोडें ग्लिसरीन, किंचित् हायड्रोजन पेरॉक्साइड आणि बाकी उकळून गार केलेलें पाणी, एवढीच ती सामग्री; जाणत्या औषधनिर्मात्याच्या देखरेखीखालीं, आगीची काळजी घेऊन, ती स्थानिक रीत्याही तयार करतां येते. म्हणजे ज्ञान फुकट, साहित्य स्वस्त. महाग आहे तो प्रत्येक खाटेपाशीं एक क्षण थांबण्याचा निश्चय.

प्रसूतिगृहांपुरतें बोलावयाचें तर भारतांतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघानें, म्हणजे फॉग्सीनें, ‘मान्यता’ ह्याच नांवाचा एक उपक्रम चालविला आहे. खासगी प्रसूतिगृहांनीं पाळावयाचे १६ वैद्यकीय निकष त्यानें ठरविले असून ते शिकविण्याची व्यवस्थाही केली आहे. महाराष्ट्रांत ह्या उपक्रमास सरकारी प्रयत्नांची जोडही मिळाली. सरकारी रुग्णालयांसाठीं २०१५ सालीं केंद्र सरकारनें ‘कायाकल्प’ योजना सुरू केली. तिच्यांत तपासणीच्या तीन पायऱ्या ठेवल्या: आधीं स्वतःची, मग शेजारच्या संस्थेनें केलेली, आणि शेवटीं बाहेरच्या परीक्षकांची. ह्यांतील मधली पायरी सर्वांत मोलाची. शेजारचा माणूस परीक्षक होऊन येतो आणि जातांना शिकून जातो.

हीच पद्धत एका गांवांतील पांच-सात लहान रुग्णालयांस आपसांत चालू करतां येईल. एकाची औषधांची मांडणी उत्तम असेल: सारख्या नांवांचीं औषधें वेगळ्या कप्प्यांत, आणि पोटॅशियम क्लोराइडचें तीव्र द्रावण वॉर्डाच्या उघड्या कपाटांत मुळींच नाहीं, कारण तें पातळ न करतां चुकून शिरेंत गेलें तर हृदय बंद पडतें. दुसऱ्याच्या नोंदी चांगल्या असतील. तिसऱ्याकडे संसर्ग-नियंत्रणाचें शिक्षण घेतलेली परिचारिका असेल. तिनें आठवड्यांतून एक दिवस इतर ठिकाणीं जाऊन शिकवावें, आणि तिच्या वेतनाचा भार सर्वांनीं वांटून घ्यावा. यंत्रांचें माप तपासणारा तंत्रज्ञ, आगीच्या वेळची तालीम, हृदय बंद पडल्यास करावयाच्या उपायांचें शिक्षण, ह्या गोष्टी एकट्यास परवडत नाहींत, सर्वांस मिळून परवडतात. महिन्यांतून एकदां सर्वांनीं जमावें आणि प्रत्येकानें आपली एक चूक, किंवा थोडक्यांत टळलेली एक चूक, रुग्णाचें नांव न घेतां सांगावी. हें शेवटचें काम सर्वांत अवघड. एकाच पेठेंतील दोन डॉक्टर परस्परांचे प्रतिस्पर्धी असतात, आणि आपली चूक बाहेर फुटली तर रुग्ण समोरच्या दारीं जातील, ही भीति खोटी नाहीं. पण ती भीति बॉस्टनलाही होती. ती बाजूस सारून जे एकत्र आले त्यांच्याच हातून सुधारणा झाली.

ह्याच्या उलट उसन्या कागदाची गत काय होते? समजा, पांच मजली रुग्णालयाची नियमपुस्तिका दोन मजली रुग्णालयानें उचलली. आगीच्या प्रकरणांत वरच्या मजल्यांवरील रुग्णांस उतरविण्याची उत्तम व्यवस्था लिहिलेली आहे, पण ते मजलेच येथें नाहींत. आणि येथला जिना अरुंद असून स्ट्रेचर वळत नाहीं, हें पुस्तिकेंत कोठेंच नाहीं. रात्रपाळीच्या परिचारिकेस पुस्तिका कोठें आहे तें ठाऊक नाहीं. कपाटाची किल्ली व्यवस्थापकाकडे, आणि व्यवस्थापक घरीं. परीक्षक येण्याच्या आधीं आठ दिवस भिंतींस रंग दिला जातो, मागल्या सहा महिन्यांच्या नोंदी एका रात्रींत एकाच शाईनें भरल्या जातात. पाटी कदाचित् मिळेलही. पण ज्या रात्रीं धूर कोंडेल त्या रात्रीं ती पाटी कोणालाही जिन्यावरून खालीं उतरवणार नाहीं. आणि अशा खोट्या नोंदींचें दुसरें नुकसान असें कीं, ज्यांच्याकडून त्या भरून घेतल्या जातात त्या परिचारिका मान्यता म्हणजे लबाडी असा धडा शिकतात. तो पुसून टाकावयास मग पुष्कळ वर्षें लागतात.

ह्या कामांत घरोघरच्या माणसांसही वांटा आहे. पाटी पाहून समाधान मानूं नये, आणि पाटी नाहीं म्हणून लहान रुग्णालयास नांवेंही ठेवूं नयेत. त्यापेक्षां चार गोष्टी पाहाव्यात. परिचारिका एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जातांना हात स्वच्छ करते काय? औषध देण्यापूर्वीं रुग्णाचें नांव विचारून तें कागदाशीं ताडून पाहते काय? संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वीं कोणीतरी बसून तें समजावून सांगतें काय? आणि घरीं जातांना औषधें, पथ्य व धोक्याचीं चिन्हें लिहून दिलीं जातात काय? ह्या गोष्टींची विचारपूस रुग्णाच्या नातलगांनीं सौम्य शब्दांत केली तर चांगल्या रुग्णालयास राग येत नाहीं. उलट, शस्त्रक्रियेच्या दिवशीं तिघा निरनिराळ्या माणसांनीं येऊन “आपलें पूर्ण नांव काय? शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची?” असें तेंच तें विचारलें तर आजोबांनीं “कितीदां सांगूं?” म्हणून वैतागूं नये. तिसऱ्या वेळचा तो प्रश्न म्हणजेच ती १९ बाबींची यादी आहे. ती आपलें काम करीत आहे, असें समजून शांतपणें उत्तर द्यावें. त्याचप्रमाणें एका खाटेभोंवतीं दहा माणसांनीं दाटी करणें, चपलांसह अतिदक्षता विभागांत शिरणें, हीं कामें नातलगांनीं सोडलीं नाहींत तर रुग्णालयाची कोणतीही रीत टिकणार नाहीं.

कॉडमन ह्यांचा आग्रह एका प्रश्नापुरता होता: रुग्णाचें पुढें काय झालें? निकषांचीं पुस्तकें जाड झालीं, मंडळें व आयोग आले, पाट्या पितळेच्या होत्या त्या कांचेच्या झाल्या. तरी त्या प्रश्नाची जागा दुसऱ्या कशानेंही घेतलेली नाहीं. जें रुग्णालय हा प्रश्न स्वतःस विचारतें, त्याचें उत्तर शेजाऱ्यास सांगतें आणि शेजाऱ्याचें उत्तर ऐकून घेतें, त्याच्या भिंतीवरची पाटी खरी. आणि ज्या लहान रुग्णालयानें अद्याप पाटी मिळविलेली नाहीं, पण ज्याच्या प्रसूतीच्या खोलींत रात्रीं दोन वाजतांही परिचारिका आठवणीनें हात स्वच्छ करते, तेंही त्या पाटीच्या वाटेवर बरेंच पुढें आलेलें आहे, असें समजावयास हरकत नाहीं.